दिवा तुमच्या हवाली

हे लिहायला मला तीन वर्षं लागली. देवीची कृपा सांगायची तर आधी आपण कसे होतो ते सांगावं लागतं, आणि तिथेच माझा हात थांबायचा. देवी आहे की नाही, अशी शंका मला कधी आली नाही. माझी शंका त्याहून वाईट होती. देवी आहे, पण तिचं लक्ष नाही, असं मला वाटायला लागलं होतं. मी आदिलाबादला एका सरकारी कचेरीत कंत्राटावर काम करते. आमच्याकडे दरखास्त आली की तिच्यावर तारखेचा शिक्का बसतो आणि आधी आलेली दरखास्त आधी निघते, निदान निघायला हवी. देवाघरीही असंच असणार, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. उपास केला, शिक्का बसला. खोटं बोललं, त्याचाही शिक्का बसला. हे मला आईने शिकवलं की मी जन्मताच घेऊन आले, सांगता येत नाही, पण ही समजूत नव्हती असा एकही दिवस मला आठवत नाही.

आणि मग आमच्या घरात सुजाता आली, माझी धाकटी जाऊ. वांकिडीकडच्या बौद्ध घरातली. तिचे आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, वडील शाळामास्तर झाले आणि ही विज्ञानाची शिक्षिका. दिराने तिला पसंत करून आणली. घरात विरोध झाला नाही असं आम्ही लोकांना सांगतो. झाला होता, आणि सगळ्यात जास्त मीच केला होता, तोंडाने नाही, भांडी आपटून. सुजाता देवाला हात जोडत नाही, उपास करत नाही, आणि तसं करत नाही म्हणून वादही घालत नाही. तिला सरकारी नोकरी पहिल्या फटक्यात लागली. उटनूरच्या रस्त्यावरच्या एका गावात तिची शाळा, रोज बसने जाते, येताना तोंडावर थकवा नाही. मी पर्मनंट होण्यासाठी सोळा सोमवार दोनदा केले, अजून कंत्राटावरच आहे. माझ्या मुलीची मेडिकलची सीट दोन वेळा थोडक्यात हुकली आणि ती वारंगलच्या होस्टेलवर राहून दुसरंच काहीतरी शिकते आहे. सुजाताला मात्र लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुलगी झाली, मैत्री, गोरीपान नाही पण अशी बोलकी की गल्लीतली तेलुगू बायकामाणसंसुद्धा तिला उचलून नेत.

मला तिचं सुख खुपत नव्हतं, ते तिला काही न करता मिळालं हे खुपत होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत असे. खरं म्हणजे सुखही खुपत होतं. तिने केलेलं आंबट वरण माझ्या नवऱ्याने एकदा दुसऱ्यांदा वाढून घेतलं, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सासूबाईंचे, म्हणजे आईंचे, गुडघे दुखत. बावीस वर्षं त्यांचे पाय मी चेपले, आणि सुजाताने कुठलासा गरम पट्टा आणून बांधला तर त्या सगळ्या गल्लीला दाखवत फिरल्या. ती उर्मट असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती मला ताई म्हणायची आणि माझ्याशी नीट वागायची, त्यामुळे माझ्या रागाला टेकायला जागाच मिळत नव्हती.

तिची एकच अट होती. मैत्रीला कोणी देवाचं भेव घालायचं नाही. 'देव पाहून राह्यला', 'देव मारीन', असलं काही त्या पोरीपुढे बोलायचं नाही. मला हे फार लागलं. एकदा भाजी निवडताना मी विषय काढलाच.

"भेव नाही तर लेकरू सरळ कसं चालन व? उद्या चोरी करन, खोटं बोलन."

"ताई, भेव शिकवावं लागते. नाई शिकवलं तर येत नाई," ती म्हणाली. "चोरी काऊन नाई करावं ते मी तिले सांगीन ना. ज्याची वस्तू गेली तो रडते, म्हणून नाई करावं."

"ते रक्तातच असते. माणूस घेऊनच येते."

"मंग काळजी काऊन करता? असन तर येईनच की."

मनातल्या मनात मी म्हटलं, येईल तुलाही एक दिवस कळून. असं म्हणताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

आमच्या घरी नवरात्रात घट बसतो आणि नऊ दिवस अखंड दिवा असतो. आईंनी माहेराहून आणलेली एक रीत आम्ही पाळतो. दिव्याजवळ कोणीतरी बसलेलंच हवं. उठायचं असेल तर दुसऱ्याला सांगायचं, "दिवा तुमच्या हवाली." दुसऱ्याने म्हणायचं, "आहे." तो शब्द कानावर आल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही. वातीवर काजळी धरली की ती झाडण्याआधी शेजारी एक छोटा दिवा त्याच ज्योतीवर लावून ठेवायचा, म्हणजे वात चुकून विझली तरी ज्योत तुटत नाही. त्याला आम्ही सोबतीचा दिवा म्हणतो. बावीस वर्षं आईंच्या खालोखाल हे सगळं मी केलं होतं. त्या वर्षी आईंचे गुडघे अगदीच गेले, त्यांना खाली बसता येईना. पहिला दिवा आता माझ्या हातून लागणार, हे मी धरूनच चालले होते. नवी साडीही काढून ठेवली होती.

घटस्थापनेच्या सकाळी आई खुर्चीवरून म्हणाल्या, "या वर्षी दिवा धाकटीच्या हातून लागू दे."

सुजाता गोंधळली. "आई, मले त्यातलं काई समजत नाई."

"समजाचं काय त्याच्यात? वात आहे, तेल आहे. मोठी सांगन तुले."

आणि मी सांगितलं. वात किती काढायची, तेल कुठवर भरायचं, सोबतीचा दिवा कधी लावायचा, सगळं. माझा आवाज इतका गोड होता की मलाच परका वाटला. तिने काडी ओढली, ज्योत पहिल्याच वेळी सरळ उभी राहिली. पुढचे पाच दिवस मी त्या दिव्याकडे पाहायचे ते तो विझेल या आशेने. सकाळी आरतीला उभी राहून तोंडाने देवीचं नाव घेत होते आणि आतून म्हणत होते की दाखव, एकदा तरी दाखव की तुला फरक कळतो.

सहाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास घरात आम्ही तिघीच होतो. आई आतल्या खोलीत पडल्या होत्या. शाळेला दसऱ्याची सुटी, म्हणून सुजाता दिव्याजवळ होती; मी कचेरीतून नवरात्राची रजा काढली होती. मैत्री गल्लीतल्या मुलींबरोबर बतुकम्मासाठी फुलं गोळा करत फिरत होती. इथे नवरात्र आणि बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांचा फुलांचा सण, एकाच वेळी येतात, घराघरात तरवड आणि कुरडूची फुलं ताटात रचली जातात. सुजाताने मला हाक मारली, "ताई, मी केस धुवून येते. दिवा तुमच्या हवाली."

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, "आहे."

ती गेली. तिथून मला दिवा स्पष्ट दिसत होता. वातीवर काजळीचा गोळा धरला होता आणि तेल खाली गेलं होतं. उठून दोन पावलं टाकायची होती, बाटली शेजारीच होती. मी एक चादर घडी घातली. मग दुसरी घातली. ज्योत लहान झाली, निळी झाली, मी पाहत राहिले. मी विझवला नाही, असं मी नंतर कितीदा स्वतःला बजावलं. पण हातात घडी घातलेली चादर मी उलगडून पुन्हा घातली होती, एवढं मला पक्कं आठवतं.

तेवढ्यात पुढच्या दाराने मैत्री आली. फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी धरलेला, त्यात काहीतरी लपवलेलं. ती घटासमोर थांबली आणि नेमकी त्याच वेळी ज्योत गेली. एक धुराची रेघ वर गेली. पोरगी त्या धुराकडे बघत राहिली, मग आपल्या फ्रॉककडे बघितलं, आणि आली तशी बाहेर पळाली. तिने मला पाहिलं नाही. मीही घड्या उचलून मागच्या अंगणात गेले आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले.

ओरडा सुजाताचाच ऐकू आला. मी धावत आले, अगदी धावत. आई भिंतीला धरून उठून आल्या होत्या. सुजाता ओल्या केसांनी म्हणत होती, "मी ताईले सांगून गेली होती, त्यायनं 'आहे' म्हटलं."

मी म्हटलं, "मले कुठं सांगितलं? मी तर मागं कपडे काढून राह्यली होती."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही भांडेल, आणि मला तेच हवं होतं. पण ती आईंना म्हणाली, "माह्यीच चूक झाली." आईंनी देवीची क्षमा मागितली आणि सुजाताकडून दिवा पुन्हा लावून घेतला. इतक्या वर्षांत मला जे पाहायचं होतं ते माझ्यासमोर झालं होतं, आणि मला त्यातून काहीच मिळालं नाही. जिभेवर नुसती कडू चव राहिली.

पाचच्या सुमारास कोणाच्या तरी लक्षात आलं की मैत्री बराच वेळ दिसली नाही. आधी वाटलं शेजारी असेल. शेजारी नव्हती. बतुकम्मा रचणाऱ्या बायकांकडे नव्हती. दीर स्कूटर घेऊन एका बाजूला गेला, माझा नवरा दुसऱ्या बाजूला. सुजाता केस तसेच मोकळे सोडून अनवाणी गल्लीत पळत होती आणि हाका मारत होती. तिचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी बसस्टँडच्या रस्त्याने निघाले. दसऱ्याची गर्दी, ऑटो, लॉरी, आणि त्यात साडेचार वर्षांची पोर.

चालता चालता मी नवस बोलायला तोंड उघडलं. आयुष्यभर मी हेच करत आले होते, हे दे म्हणजे मी ते करीन. पण त्या दिवशी माझ्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं. उपास म्हणावा तर माझ्या उपासांची किंमत मला दुपारीच कळली होती. शिक्षा येणार हे मला माहीत होतं, पण ती माझा पत्ता सोडून त्या लेकराकडे गेली होती. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीला धरून मी उभी राहिले आणि म्हटलं, बाई, मला काय करायचं ते कर. ती पोर घरी येऊ दे. सुजाताच्याच कुशीत येऊ दे, माझ्या नको. एवढंच म्हटलं. त्यात बदल्यात काही नव्हतं. अशी प्रार्थना मी जन्मात पहिल्यांदा केली.

डोळे पुसून वर पाहिलं तर समोरून एक म्हातारी फुलवाली येत होती. डोक्यावर रिकामी होत आलेली टोपली, एका हाताने टोपली धरलेली आणि दुसऱ्या हाताला मैत्री. मी तो चमत्कार होता असं म्हणत नाही. मी फक्त जसं दिसलं तसं सांगते. मी धावत जाऊन पोरीला उचललं. म्हातारी टोपली खाली ठेवून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागली.

"ही बिड्डा तुमची काय, अम्मा?" बिड्डा म्हणजे लेकरू. "रोज मी चारच्या बसनं गावाले जाते. आज बस सुटून गेली, म्हणून स्टँडवर बसली. तर ही आली न् माह्या टोपलीत फुलं टाकून राह्यली. रडते, फुलं टाकते. मी म्हटलं, ठेव ठेव, दोन फुलाचं काय. तर आयकत नाई. हिले कोणं भेवाडलं, अम्मा?"

मैत्रीने माझ्या गळ्याला मिठी मारली होती. ती हुंदके देत माझ्या कानात म्हणाली, "मोठाई, मी फुलं वापस केली. आता दिवा पेटन काय?"

मग सगळं उलगडलं. फुलवाली दुपारी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसली होती. तिची पाठ फिरलेली असताना या पोरीने टोपलीतून मूठभर झेंडू उचलला. फ्रॉकमध्ये लपवून घरी आणला, आणि घटासमोर उभी राहते तोच दिवा गेला. फुलं घेतली म्हणून दिवा गेला, हे तिचं तिनेच जोडलं. परत द्यायला कोपऱ्यावर गेली तर फुलवाली उठून गेलेली. तेव्हा ती तिला शोधत, एवढा मोठा रस्ता ओलांडून, स्टँडवर पोचली. हिला कोणी भेवाडलं, असं म्हातारी विचारत होती. कोणीच नाही. जिच्यापुढे देवाची शिक्षा हा शब्द उच्चारायची बंदी होती, तिला शिक्षा कळली आणि ती चुकवायची वाटही कळली. आणि जी हे सगळं आईच्या दुधाबरोबर प्यायली होती, ती दोन चादरींच्या घड्या घालत बसली होती.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसले. म्हटलं, "मैतू, दिवा तुह्यामुळं नाई गेला. मी इझू देला. मले दिसत होतं, तरी मी उठली नाई."

ती हुंदका थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी गंभीरपणे तिने विचारलं, "तू बी कोणाची फुलं घेतली होती काय?"

मी म्हटलं, "हो."

"मंग वापस कर ना," ती म्हणाली.

घरी आल्यावर पोर सुजाताच्या कुशीत दिली. आईलेकी जशा एकमेकींना बिलगल्या ते पाहून मला एक बारीक कळ आली, खोटं कशाला बोलू. पण त्या कळेवर मी थांबले नाही. सगळ्यांसमोर सांगितलं की सुजाताने दिवा माझ्या हवाली केला होता, मी 'आहे' म्हटलं होतं, आणि दिवा मी जाऊ दिला. माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. सुजाताचं तोंड लाल झालं.

"दिव्याचं मले काई नाई, ताई," ती म्हणाली. "पण माही पोरगी स्टँडवर गेली होती." एवढं बोलून ती वर निघून गेली. दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. क्षमेची मला घाई होती, तिला नव्हती, आणि तिचंच बरोबर होतं.

त्या संध्याकाळी मी आईंचे पाय चेपायला बसले. मला वाटलं होतं त्या मला हाकलतील. त्या म्हणाल्या, "माह्या हातून दोनदा गेला होता दिवा. तुह्या लग्नाच्या आधी. मी गुपचूप लावला, कोणाले सांगितलं नाई. तू सांगितलं तरी."

मी धीर करून विचारलं, "आई, या वर्षी तिच्या हातून काऊन लावला? बावीस वर्षं तर मी बसली."

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तिले या घरात देवापाशी कोणी बसवलंच नोतं, म्हणून बसवली. तुले काय बसवाचं? तू तर बसलेलीच होती."

मी पाय चेपत राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि त्यांनी ते पाहिल्याचं दाखवलं नाही. मी बावीस वर्षं शिक्क्याची वाट पाहत ज्या खिडकीबाहेर उभी होते असं मला वाटायचं, ती खिडकी कधी नव्हतीच. मी आतच होते.

नवव्या दिवशी दुपारी सुजाता दिव्याजवळ बसली होती, मी स्वयंपाकघरात. आई आत झोपल्या होत्या, मैत्री बाहेर खेळत होती. ती उठली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि दारापाशी थांबली. दोन दिवसांनी तिचा आवाज माझ्या दिशेने आला.

"ताई, केस धुवून येते. दिवा तुमच्या हवाली."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ती तिथेच उभी राहिली, रीतीप्रमाणे, शब्द कानावर येईपर्यंत. मी म्हटलं, "आहे." मग ती गेली.

मी दिव्यासमोर जाऊन बसले. मैत्री येऊन माझ्या मांडीला टेकली. आम्ही दोघींनी सोबतीचा दिवा लावला, तो तिने दोन्ही हातांनी धरला, मी काजळी झाडली आणि तेल घातलं. भेव शिकवावं लागतं की माणूस घेऊन येतं, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. कधी वाटतं पोरीने ते माझ्याच चेहऱ्यावरून उचललं असेल, मी न बोलताही घरात ते बोलतच होते. मी आजही कंत्राटावर आहे. सुजाताला मध्यंतरी बढती मिळाली, तेव्हा मला आठवडाभर त्रास झाला. तो देवीला सांगितला आणि पेढे आणायला मीच गेले. पण त्या दुपारी, ती केस धुऊन येईपर्यंत, मी ज्योतीकडे नुसती बघत बसले होते आणि मला देवीकडे मागायला काही सुचत नव्हतं. ओल्या केसांनी सुजाता परत आली, तिने दिव्याकडे पाहिलंही नाही, माझ्या शेजारी बसली आणि केस पुसायला लागली.